दहा टक्क्यांचा वाचक

1935 च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमधल्या ज्युलियस श्वार्ट्झ नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती एक जुनं बाड आलं. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टने ते 1931 मध्ये लिहून पुरं केलं होतं. नाव होतं 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस'. अंटार्क्टिकावर गेलेल्या संशोधकांना बर्फाच्या डोंगरांपलीकडे एक शहर सापडतं, माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच कुणी वसवलेलं, असं त्याचं कथानक. 'वीअर्ड टेल्स' मासिकाचा संपादक फार्न्सवर्थ राइट याने ही कादंबरिका फार लांब आहे म्हणून साभार परत केली. लव्हक्राफ्ट त्याने इतका खट्टू झाला, की त्याने ती छापून आणायची खटपटच सोडून दिली. चार वर्षं ती घरात पडून राहिली.

श्वार्ट्झ ती घेऊन 'अस्टाउंडिंग स्टोरीज'चा संपादक एफ. ऑर्लिन ट्रेमेन याच्याकडे गेला. लव्हक्राफ्टची एवढ्या लांबीची गोष्ट आपल्याकडे आहे, एवढं सांगताच ट्रेमेनने ती न वाचता घेतली, असं श्वार्ट्झ पुढे सांगत असे. किंमत ठरली 350 डॉलर. त्यातले दहा टक्के म्हणजे 35 डॉलर श्वार्ट्झचे, उरलेले 315 लेखकाचे. 1936 च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या अंकांतून ती क्रमशः छापून आली. मासिकाने परिच्छेद तोडले, शेवटाकडचा काही मजकूर गाळला, म्हणून लव्हक्राफ्ट संतापला. पण गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचली, आणि पुढच्याच वर्षी, 1937 च्या मार्चमध्ये, तो वारला.

एका संपादकाने लांब म्हणून परत केलेली गोष्ट दुसऱ्याने उघडूनही न पाहता घेतली. या दोघांच्या मधे उभा होता तो एजंट. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा अशा 'नसलेल्या जगां'च्या गोष्टींची बाडं वाचताना हा माणूस नेमकं काय शोधतो, हा प्रश्न आज लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तर या धंद्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे, आणि ते कायम एकच राहिलेलं नाही.

साहित्यिक एजंट हा पेशा लंडनमध्ये जन्मला. अलेक्झांडर पोलॉक वॉट या स्कॉटिश माणसाकडे त्याचा मित्र जॉर्ज मॅकडोनाल्ड याने आपल्या गोष्टी विकून देण्याचं काम सोपवलं, आणि 1875 च्या सुमारास त्यातून एक व्यवसाय उभा राहिला. हा मॅकडोनाल्ड म्हणजे 'फँटॅस्टीज' आणि 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' लिहिणारा, इंग्रजी अद्भुतकथेच्या आद्य लेखकांपैकी एक. म्हणजे या पेशाचा पाया ज्या मैत्रीत घातला गेला, तिच्या एका टोकाला परीकथा लिहिणारा लेखक होता. वॉटने दहा टक्के कमिशनची प्रथा बसवली. आर्थर कॉनन डॉइल, रायडर हॅगार्ड, रुडयार्ड किपलिंग अशी मोठी नावं त्याच्याकडे आली. मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात 1865 मध्ये जन्मलेल्या किपलिंगने 1905 साली 'विथ द नाइट मेल' ही गोष्ट लिहिली. सन 2000 मध्ये हवाई जहाजांतून टपालाची वाहतूक चालते, असं तिच्यात दाखवलं आहे.

प्रकाशकांना हा मधला माणूस मुळीच आवडला नाही. विल्यम हाइनमनने 1893 मध्ये एजंटांवर जाहीर टीका केली. दोनच वर्षांनी त्याच हाइनमनने एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' छापली. आणि 1896 मध्ये जे. बी. पिंकरने लंडनमध्ये एजन्सी उघडली, तेव्हा वेल्स त्याच्याकडे गेला. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' 1897 मध्ये 'पिअर्सन्स मॅगझिन'मधून क्रमशः आली, ती घेण्याआधी शेवट काय होणार हे मासिकाला कळायला हवं होतं. मंगळावरून आलेल्यांशी लढाई सुरू झाली खरी, पण ती संपते कशी? आज एजंट बाडासोबत शेवटासकट सारांश मागतात, त्यामागे हीच जुनी काळजी आहे. चमत्कारिक कल्पना सुचणं सोपं असतं, तिला न्याय देणारा शेवट लिहिणं अवघड.

त्या काळात एजंटचं काम मुख्यतः हिशेबाचं होतं. मासिकाचे हक्क वेगळे, पुस्तकाचे वेगळे, अमेरिकेतले आणखी वेगळे. ते एकेक करून विकायचे आणि लेखकाला पैसे मिळवून द्यायचे. विज्ञानकथेचं वेगळं दुकान तेव्हा नव्हतंच. वेल्सची गोष्ट कॉनन डॉइलच्या गोष्टीशेजारी छापली जायची आणि वाचक दोन्ही वाचायचे.

वेगळं दुकान मांडलं ते ह्यूगो गर्न्सबॅकने. एप्रिल 1926 मध्ये त्याने न्यूयॉर्कहून 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेल्या या मासिकांच्या मुखपृष्ठांवर भडक रंगांतले राक्षस आणि अग्निबाण असत. वाचक वेड्यासारखे जमले. लेखकांना मात्र पैसे मिळवताना घाम फुटायचा. गर्न्सबॅकच्या मासिकांचं मानधन तुटपुंजं असे आणि तेही अनेकदा छापून झाल्यावर बऱ्याच काळाने. डोनाल्ड वॉल्हाइम या तरुणाची गोष्ट 1934 मध्ये 'वंडर स्टोरीज'मध्ये आली, पैसे आले नाहीत, तेव्हा त्याने थेट कोर्टाची वाट धरली. पुढे हाच वॉल्हाइम अमेरिकन विज्ञानकथेचा मोठा प्रकाशक झाला.

याच वर्षी, 1934 मध्ये, श्वार्ट्झ आणि त्याचा दोस्त मॉर्ट वाइझिंगर यांनी 'सोलर सेल्स सर्व्हिस' काढली. दोघंही तेव्हा एकोणीस वर्षांचे. केवळ विज्ञानकथा आणि अद्भुतकथा विकणारी ही पहिली एजन्सी मानली जाते. पोरांकडे भांडवल काहीच नव्हतं. होतं ते वाचन आणि ओळखी. 1932 पासून ते 'द टाइम ट्रॅव्हलर' हे चाहत्यांचं छोटं पत्रक काढत होते, त्यासाठी संपादकांच्या कचेऱ्यांत खेटे घालत होते. कुणाला काय हवंय, कुठल्या अंकात किती पानं रिकामी आहेत, कोण शब्दाला एक सेंट देतो आणि कोण अर्धा, हे त्यांना तोंडपाठ होतं.

म्हणून 1934 च्या जुलैमध्ये 'वंडर स्टोरीज'मध्ये स्टॅनली वाइनबॉम या अनोळखी लेखकाची 'अ मार्शन ऑडिसी' छापून आली, तेव्हा श्वार्ट्झने तिचं मोल लगेच ओळखलं. तोवरच्या गोष्टींतले परग्रहवासी एक तर माणसांना खाणारे राक्षस असत किंवा वेगळ्या कातडीची माणसं. वाइनबॉमचा शहामृगासारखा दिसणारा मंगळवासी बुद्धिमान होता, मैत्री करणारा होता, आणि तरी त्याचा विचार माणसाच्या विचाराच्या वाटेने जात नव्हता. श्वार्ट्झने लेखकाचा पत्ता मिळवला आणि त्याचं काम हाती घेतलं. दुर्दैवाने 1935 च्या डिसेंबरात वाइनबॉम कर्करोगाने गेला. जेमतेम दीड वर्षाची त्याची कारकीर्द, पण परग्रहावरच्या जिवाकडून काय मागायचं हे तिने कायमचं बदललं.

1941 च्या उन्हाळ्यात श्वार्ट्झ लॉस एंजेलिसला राहिला. तिथे रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकणारा एक मुलगा त्याच्याकडे नव्या गोष्टी घेऊन यायचा आणि श्वार्ट्झ त्या वाचून कुठे काय कापायचं ते सांगायचा. त्या मुलाने हेन्री हॅसबरोबर लिहिलेली 'पेंड्युलम' ही गोष्ट श्वार्ट्झने 'सुपर सायन्स स्टोरीज'ला 27.50 डॉलरला विकली. दोघा लेखकांनी पैसे वाटून घेतले. मुलाचं नाव रे ब्रॅडबरी.

1944 मध्ये श्वार्ट्झ कॉमिक्सच्या संपादनाकडे वळला आणि त्याचा एजन्सीचा अध्याय संपला. पण त्याच्यासारखेच आणखी काही जण त्याच मुशीतून घडत होते. न्यूयॉर्कमध्ये 1938 मध्ये 'फ्युच्युरियन्स' नावाचा चाहत्यांचा कंपू जमला होता. वॉल्हाइम, आयझॅक ॲसिमोव्ह, फ्रेडरिक पोल, डेमन नाइट, जेम्स ब्लिश, व्हर्जिनिया किड ही मंडळी वेगवेगळ्या वेळी या कंपूत होती. त्यांच्यातून लेखक निघाले, संपादक निघाले, एजंटही निघाले. या साहित्यप्रकाराचे पहिले एजंट आधी त्याचे वेडे वाचक होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गोष्टीतली कुठली कल्पना दहा वेळा वापरून झाली आहे आणि कुठली खरोखर नवी आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणं शक्य नव्हतं.

फ्रेडरिक पोलने दुसऱ्या महायुद्धानंतर एजन्सी चालवली. ॲसिमोव्हची एक कादंबरिका 1947 मध्ये एका मासिकाकडून परत आली होती. पोलने ती डबलडे या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे नेली. तिथल्या संपादकाने वाढवून मागितली, ॲसिमोव्हने ती सत्तर हजार शब्दांपर्यंत नेली आणि 1950 मध्ये 'पेबल इन द स्काय' हे त्याचं पहिलं पुस्तक आलं. मासिकातली विज्ञानकथा ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसली ती अशा प्रयत्नांतून. पोलने लेखकांना आणखी एक सवलत दिली. गोष्ट विकली जाण्याआधीच तो त्यांच्या हातावर पैसे ठेवायचा, म्हणजे पोटाची चिंता न करता त्यांना लिहिता यावं. लेखक सुखावले, एजन्सी कर्जात बुडाली आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली.

याच्या अगदी उलट वाट स्कॉट मेरेडिथची. 1946 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली त्याची एजन्सी पुढे आर्थर सी. क्लार्क आणि फिलिप के. डिक यांच्यासारख्यांचं काम पाहू लागली. अनोळखी लेखकांकडून मात्र ती बाड वाचण्याची फी घेई. टेबलांवर टपालाचे ढीग येत आणि पगारी वाचक त्यांना उत्तरं लिहीत. या वाचकांत डेमन नाइट आणि जेम्स ब्लिशसारखे पुढे नावारूपाला आलेले लेखकही होते. मेरेडिथच्या पद्धतीत गोष्टीचा एक ठरलेला सांगाडा होता. वाचकाला आपलासा वाटेल असा नायक हवा. त्याच्यापुढे तातडीची अडचण हवी. ती सोडवायला जाताना तो आणखी गुंतत जायला हवा. आणि अखेर त्याने स्वतःच्या अकलेने किंवा धैर्याने सुटायला हवं. यांतलं एक जरी हाड नसलं तरी बाड परत.

नवशिक्याला हा सांगाडा उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण सगळीच जिवंत गोष्ट त्यात मावत नाही. 1963 च्या जानेवारीत मेरेडिथच्या कचेरीने फिलिप के. डिकच्या विज्ञानकथेबाहेरच्या, न खपलेल्या कादंबऱ्या एकगठ्ठा परत पाठवल्या. त्याच वर्षी 'द मॅन इन द हाय कॅसल'साठी डिकला विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. परत आलेल्या त्या कादंबऱ्यांपैकी फक्त 'कन्फेशन्स ऑफ अ क्रॅप आर्टिस्ट' त्याच्या हयातीत, 1975 मध्ये, छापली गेली. उरलेल्यांना त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागली.

साठचं दशक या पेशाची खरी कसोटी पाहणारं ठरलं. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' डिसेंबर 1963 पासून 'अ‍ॅनालॉग' मासिकातून दोन भागांत क्रमशः येत होती. त्याचा एजंट लर्टन ब्लॅसिंगेम हा रॉबर्ट हाइनलाइनचंही काम पाहणारा मुरलेला माणूस. पुस्तकासाठी तो एकामागून एक दारं ठोठावत गेला. वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. पुस्तक अवाढव्य, वाळवंटाचं पर्यावरण, धर्म, राजकारण, मसाल्याचा व्यापार हे सगळं एकात एक विणलेलं, आणि पहिल्या पानापासून अनोळखी शब्दांचा मारा. शेवटी हो म्हणाली ती फिलाडेल्फियाची चिल्टन ही संस्था. मोटारदुरुस्तीच्या जाडजूड मार्गदर्शक पुस्तकांसाठी तिची ख्याती होती. तिथला संपादक स्टर्लिंग लॅनियर स्वतः विज्ञानकथा लिहिणारा होता. त्याने मासिकात 'ड्यून' वाचली होती. 1965 मध्ये पुस्तक आलं, पहिला नेब्युला पुरस्कार त्याला मिळाला आणि 1966 चा ह्यूगो विभागून मिळाला.

त्याच काळात व्हर्जिनिया किडने 1965 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या लहान गावी आपल्या घरातूनच एजन्सी सुरू केली. अमेरिकेचं बहुतेक प्रकाशनविश्व न्यूयॉर्कमध्ये एकवटलेलं असताना ही बाई गावाकडे बसून टपालाने धंदा करत होती. देशाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलंडमध्ये, उर्सुला ले ग्विन राहत होती. तिची सुरुवातीची पुस्तकं एजंटशिवायच छापली गेली होती. 1968 मध्ये तिने 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'चं बाड किडकडे पाठवलं. हिवाळ्यात गोठलेल्या एका ग्रहावरची ही गोष्ट. तिथली माणसं एरवी ना पुरुष असतात ना स्त्री, महिन्यातल्या काही दिवसांपुरती त्यांतली एक अवस्था घेतात. मुख्य कथेच्या मधे मधे त्या ग्रहाच्या दंतकथा आणि जुने अहवाल येतात.

21 जून 1968 रोजी एका संपादकाने किडला लिहिलेलं नकाराचं पत्र पुढे ले ग्विनने स्वतःच लोकांसमोर ठेवलं, संपादकाचं नाव मात्र झाकून. त्याची तक्रार अशी होती की, तपशिलांनी आणि माहितीने पुस्तक इतकं गुंतागुंतीचं झालं आहे, मधल्या दंतकथांचा इतका जाच होतो, की कथा पुढे सरकतच नाही आणि पुस्तक वाचवत नाही. किडने हात टेकले नाहीत. 1969 मध्ये ते 'एस' या प्रकाशनसंस्थेने कागदी बांधणीत काढलं, आणि 'वॉकर' या संस्थेने पुठ्ठाबांधणीत. नेब्युला आणि ह्यूगो, दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. त्याच सुमारास किडने ले ग्विनची 'नाइन लाइव्ह्ज' ही क्लोन केलेल्या दहा जणांची गोष्ट 'प्लेबॉय'ला विकली. लेखिका बाई आहे हे वाचकांना कळू नये म्हणून मासिकाने पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं छापण्याची परवानगी मागितली. किड 2003 मध्ये वारली, तोवर ती ले ग्विनची एजंट होती.

हे नकाराचं पत्र लक्ष देऊन वाचण्यासारखं आहे, कारण त्या संपादकाने वर्णन चुकीचं केलेलं नाही. पुस्तकात तपशील आहेत, दंतकथा आहेत, गतीही संथ आहे. किडने त्याच गोष्टींत त्या जगाचा कणा पाहिला. ते जग इतकं सलग होतं की वाचक तिथे राहायला जाणार, याची तिला खात्री होती. श्वार्ट्झच्या काळातला एजंट संपादकाची गरज ओळखत होता. किडच्या काळातल्या एजंटला त्यापलीकडे जाऊन, संपादकाला अजून हवं आहे हे माहीत नसलेलं पुस्तक त्याच्या गळी उतरवावं लागत होतं.

हे करताना बाजाराच्या पूर्वग्रहांशीही गाठ पडे. सॅम्युअल डिलेनीची 'नोव्हा' ही कादंबरी एजंटमार्फत 'अ‍ॅनालॉग'कडे क्रमशः प्रकाशनासाठी गेली. संपादक जॉन कॅम्पबेल हा अमेरिकन विज्ञानकथेचा सर्वांत वजनदार माणूस. माणसाइतकाच चांगला विचार करणारा पण माणसासारखा विचार न करणारा परग्रहवासी आणून दाखवा, असं आव्हान तो लेखकांना देत असे. त्याने एजंटला कळवलं की पुस्तक आवडलं, पण काळा नायक त्याच्या वाचकांना पचणार नाही. डिलेनीने ही हकिगत पुढे लेखात मांडली. डबलडेने 1968 मध्ये 'नोव्हा' काढली. परग्रहवासी चालत होता, काळा नायक चालत नव्हता.

चाळीस वर्षांनंतरही हा अडथळा पुरता गेला नव्हता. एन. के. जेमिसिनला 'द किलिंग मून' या कादंबरीवर एजंट मिळाली, पण प्राचीन इजिप्त आणि नुबियाच्या छायेतली, जवळपास सगळी पात्रं काळी असलेली ती कादंबरी कुणी घेतली नाही. तिने 'द हंड्रेड थाउजंड किंग्डम्स' नव्याने लिहून काढली, ती 2010 मध्ये आली आणि गाजली. मग 'द किलिंग मून'ही 2012 मध्ये छापली गेली. 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षं तिला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला. असा विक्रम तोवर कुणीच केला नव्हता.

आज इंग्रजीत या प्रकारचं बाड एजंटकडे जातं तेव्हा त्याच्यासोबत एक पानी पत्र असतं, सारांश असतो आणि सुरुवातीची काही पानं. कमिशन दहावरून पंधरा टक्क्यांवर गेलं आहे, परदेशी हक्कांसाठी ते साधारण वीस. पत्रात एजंट आधी शब्दसंख्या बघतो. पहिल्या कादंबरीसाठी नव्वद हजार ते सव्वा लाख शब्द ठीक; तीन लाख शब्द असतील तर छपाईचा खर्चच आडवा येतो. मग तो बघतो, लेखकाने आपलं पुस्तक हल्लीच्या कुठल्या पुस्तकांशेजारी ठेवलं आहे. तीस वर्षांपूर्वीच्याच पुस्तकांची नावं आली तर लेखकाने आजचं काही वाचलेलं नाही, हे उघड होतं.

त्यानंतरची परीक्षा पानांवर होते. पहिल्याच पानावर हजार वर्षांच्या राजवंशांचा इतिहास आला तर बहुतेक वाचन तिथेच थांबतं. नवं जग पात्राच्या हालचालींतून कळायला हवं: दार कसं उघडतं, पाणी कुठून येतं, लोक कुणाला भितात. जादू असेल तर तिला नियम हवेत आणि ती वापरणाऱ्याला काही किंमत मोजावी लागली पाहिजे, नाहीतर कुठलंही संकट चुटकीसरशी सुटेल. विज्ञानातली एखादी गोष्ट बदलली असेल तर तिचे परिणाम स्वयंपाकघरापासून बाजारापर्यंत पोहोचलेले दिसले पाहिजेत. मृत्यू टाळण्याचं औषध निघालं आणि तरी वारसाहक्काचे कायदे जसेच्या तसे राहिले, तर जाणता वाचक पुस्तक मिटतो. आणि या सगळ्याच्या आत एक माणूस हवा, ज्याला काहीतरी जिवापाड हवं आहे. मेरेडिथच्या सांगाड्यातलं हे एक हाड अजून कुणी टाकून दिलेलं नाही.

ही परीक्षा यांत्रिक नसते, याचे पुरावे मात्र भरपूर आहेत. 1995 मध्ये लंडनमधल्या ख्रिस्तोफर लिटल याच्या एजन्सीकडे तीन प्रकरणं आली. बालसाहित्य ही एजन्सी सहसा हाताळत नसे, म्हणून ती परतीच्या ढिगात गेली. कचेरीत काम करणाऱ्या ब्रायनी एव्हन्स हिने ती त्या ढिगातून काढून वाचली आणि उरलेलं बाड मागवायचा आग्रह धरला. त्यानंतरही बारा प्रकाशकांनी नकार दिला. 1997 मध्ये ब्लूम्सबरीने ते छापलं. तो पहिला 'हॅरी पॉटर'. 'द मार्शन'च्या बाबतीत तर एजंटच लेखकाकडे चालत गेला. अँडी वीअर आपली कादंबरी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच वाचकांना देत होता, 2011 मध्ये ती किंडलवर आली आणि मागणी वाढत गेली. ते पाहून डेव्हिड फ्युगेट या एजंटने त्याच्याशी संपर्क साधला, आणि 2014 मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती काढली. वाइनबॉमचा पत्ता शोधणारा श्वार्ट्झ अशा वेळी आठवतो.

या धंद्याला काळी बाजूही आहे. मेरेडिथने रूढ केलेली वाचनाची फी पुढे अनेक भामट्यांचं मुख्य उत्पन्न झाली. 1991 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन एजंटांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत ती निषिद्ध ठरवली. 1998 मध्ये ए. सी. क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या दोन लेखिकांनी विज्ञानकथाकारांच्या संघटनेमार्फत 'रायटर बिवेअर' हा उपक्रम सुरू केला. लेखकांना फसवणाऱ्या एजंटांची आणि प्रकाशकांची माहिती गोळा करून सावध करणं, हे त्याचं काम. लेखकाला पैसे मिळाले तरच एजंटला मिळावेत, हा वॉटच्या दहा टक्क्यांमागचा साधा न्याय होता. तो मोडला की वाचणाऱ्याला चांगलं पुस्तक शोधायची गरजच उरत नाही.

मराठीत हा पेशा रुजलाच नाही. इथे चाळणीचं काम संपादकांनी केलं, दिवाळी अंकांनी केलं. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने गूढ आणि अद्भुत गोष्टींना हक्काची जागा दिली. आणि एक मोठं काम मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने केलं. 1974 च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं पारितोषिक मिळालं, आणि मगच परीक्षकांना कळलं की लेखक आहेत जयंत विष्णु नारळीकर. आपलं नाव पाहून निकाल लागू नये म्हणून त्यांनी आपली इंग्रजी आद्याक्षरं उलटी करून ते टोपणनाव घेतलं होतं. हस्ताक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हाताने उतरवून घेतली होती. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या लेखनाची दखल घेतली. तिथून 'यक्षांची देणगी', 'प्रेषित' ही पुस्तकं आली. त्याच वाटेवर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्यासारख्यांनी मराठी विज्ञानकथा उभी केली, आणि 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं.

नाव न पाहता केलेलं वाचन किती न्याय देऊ शकतं, हे त्या स्पर्धेने दाखवलं. पण स्पर्धेचं काम निकालाशी संपतं. पहिलं पारितोषिक मिळालेली कथा कुठल्या प्रकाशकाकडे न्यायची, लेखकाकडून दुसरा खर्डा कसा करून घ्यायचा, हिंदी, कन्नड, इंग्रजीत तिचे हक्क कुणाला द्यायचे, विसावा नकार आल्यावर एकविसाव्या दाराकडे कोण जाणार, हे प्रश्न मराठी लेखकाला आजही एकट्यालाच सोडवावे लागतात. चांगली मराठी विज्ञानकथा दिवाळीच्या अंकात येते आणि पुढच्या दिवाळीआधी विसरली जाते, याचं एक कारण हे आहे.

प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांनी निदान एवढं करावं. या प्रकारात मुरलेल्या दोन-तीन वाचकांच्या हाती वर्षभर आलेली बाडं सोपवावीत, त्यांना कामाचा मोबदला द्यावा, आणि ज्या बाडावर त्यांचा जीव जडेल ते दुसऱ्या भाषांच्या प्रकाशकांपर्यंत नेण्याचा अधिकार त्यांना लेखकाच्या संमतीने द्यावा. लेखकांनी आपल्या बाजूने शेवटासकट सारांश लिहायची सवय लावून घ्यावी आणि बाड वाचण्याचे पैसे मागणाऱ्याला ते देऊ नये.